पक्का रंग

कंटेनर परत आला तेव्हा एमआयडीसीत लाइट गेलेली.
सील तोडून आम्ही बॅटरीच्या उजेडात पाहिलं :
अकरा हजार टॉवेल, पांढऱ्यावर तांबडा मोर,
आणि मोराचा तांबडा पार शेजारच्या पांढऱ्यात उतरलेला.
पेंटप्पा जॉबरनं एक उलगडला, नाकाशी धरला,
म्हणाला, "समुद्राचा वास येतोय ओ, मालक."
मी समुद्र पाहिला नव्हता.
माझा माल पाहून आला होता.

सुरुवात चार मागांची, नीलम नगरात,
तेही जुने, मेव्हण्याच्या जामिनावर.
मग बारा. मग अठ्ठेचाळीस.
त्या वर्षांत मी घरीसुद्धा ओरडूनच बोलायचो,
शेडमध्ये दुसरं कसलं बोलणं पोचतच नाही.
सरोजनी म्हणायची, जेवताना तरी माग बंद ठेवा.
लेबलवर मीच छापून घेतलं होतं : पक्का रंग.
डाईवाल्यानं किलोमागे सहा रुपये कमी सांगितले,
मी हो म्हटलं. एवढंच.
त्याला पुढं लोक मंदी म्हणाले, नशीब म्हणाले,
बँकेच्या कागदावर त्याचं आणखी वेगळं नाव होतं.
मी त्याला सहा रुपये म्हणतो.

माग भंगारात किलोवर जातो हे माहीत होतं.
काटा दारात आला तेव्हा कळलं.
धोटे त्यानं बाजूला काढले, लाकूड म्हणून,
वजनात धरले नाहीत.
गोणीभर धोटे तेवढे माझ्या पदरी राहिले.

त्या रात्री गल्लीत कुणाला झोप नाही.
सकाळी शेजारची यल्लव्वा भांडायलाच आली :
"आवाज कशापायी बंद केला ओ?
पोरगं रात्रभर रडतंय."

दिवाळीला बोनस नव्हता. टॉवेल होते.
ढीग खांद्यावर टाकून दारोदार गेलो,
माणशी दहा, मान खाली.
बालामणी चिप्पा, कांड्या भरायची माझ्याकडं,
तिनं मोजून घेतले आणि एक परत केला.
"अकरा झालेत, मालक. हिशेब चुकतोय तुमचा."

मग काही दिवस शेंगाचटणी विकली.
तीही दुसऱ्याची.

पुढचं सगळं एकदम सुचलं असं सांगायला पाहिजे बहुतेक.
मला आठवतात फक्त सात जण,
चार-चार मागांचे धनी, माझ्या रिकाम्या शेडमध्ये,
जमिनीला उपटलेल्या बोल्टांची भोकं,
आणि मल्लेशम गुंडला विचारतोय :
"तू कुठं बुडालास तेवढं सांग. बाकी काय सांगू नको."
सांगितलं. सहा रुपये.
कुणी हसलं नाही.
एकानं आपले साडेचार सांगितले.
एकानं जावयाला दिलेली उधारी, बायकोलाही न सांगितलेली.
चहा लवंडला, पुसायला टॉवेल तोच.
जाताना गुंडलानं गोणीतला एक धोटा
काखेत मारला, न विचारता.

आता सूत एकत्र घेतो, गाठींनी, भिशीसारखे नंबर लावून.
शेडमध्ये माग नाहीत, तेरा बादल्या आहेत.
प्रत्येक लॉटचा एक तुकडा रात्रभर भिजतो
आणि सकाळी पाणी बघायला बालामणी येते.
किल्ली तिच्याकडं.
पाणी रंगलं तर माल हलत नाही, कुणाचा का असेना.
मागच्या महिन्यात माझ्याच भाच्याचा अडवला तिनं.
भाचा अजून बोलत नाही.
दोघं सोडून गेले. एकानं पैसे बुडवले,
त्याच्या पोरीच्या लग्नात वाढायला आम्हीच होतो.

संध्याकाळी गच्चीवर गेलो की अजून दिसतात,
नीलम नगर ते विडी घरकुल, दोऱ्यादोऱ्यांवर,
विरलेले, पायपुसणं झालेले,
मोर कुठला, ओळखू येत नाही.
गुलाबी मात्र गेलेलं नाही.
एवढी वर्षं, एवढं सोलापूरचं ऊन,
आणि बायका आपटून आपटून धुणाऱ्या.

लेबल खोटं नव्हतं म्हणायचं.